वहीतले अकरा शब्द

मी काही भाबडी बाई नाही. इंग्रजीचे शब्द मुलांना कसे शिकवायचे, हे होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवण्यात तीस वर्षं घालवली आहेत. ह्यांनीही घालवली. एकाच अध्यापक विद्यालयात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही कडाकडा भांडलो. आठ महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हा मी रडत बसले नाही. कंबर कसली आणि चित्रांची कार्डं काढली.

मराठी महिन्याभरात बऱ्यापैकी परत आली. घोडं अडलं ते इंग्रजीपाशी. आणि ह्यांना तर पुन्हा वर्गात उभं राहायचं होतं. पुढच्या महिन्यात नवी तुकडी येणार, पहिला तास मीच घेणार, हा हट्ट. तो माझाही होता, खोटं कशाला बोलू!

रोज सकाळी नऊला बसायचो. मी चित्र दाखवायची, हे इंग्रजी नाव सांगायचे. काट्याला 'स्पून' म्हणायचे, मोज्याला 'शू'. लेक म्हणायची, चुकतंय. डोंबल चुकतंय! पहिल्या तासाला हे मुलांना हेच तर सांगायचे, की शब्द कोशात अक्षरांच्या क्रमाने राहतात, पण डोक्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहतात. काटा हाती लागला नाही, की शेजारचा चमचा लागतो. मी प्रत्येक चूक वेळेसकट वहीत टिपायला लागले. नव्या तुकडीला याहून चांगली उदाहरणं कुठे मिळणार होती? "कर, माझ्यावरच प्रयोग कर," हे म्हणायचे आणि हसायचे.

त्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी कपाचं चित्र धरलं.

"फ्लॉर्मेंट," हे म्हणाले.

"काय म्हणालात?"

"फ्लॉर्मेंट."

असा शब्दच नाही. पण शेवटचा 'मेंट' अगदी अस्सल, क्रियापदाला जोडून नाम करायचा प्रत्यय! मग खुर्ची दाखवली. "ड्रिबनेस." पुन्हा प्रत्यय जागच्या जागी. शब्द हरवला तरी शब्द घडवायचा साचा शाबूत राहू शकतो, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी हरखून गेले हो. नवऱ्यासमोर बसून, हातात पेन घेऊन, हरखून गेले.

ह्यांनी डाव्या हाताने कार्डं सारून दिली. "आळस नको," मी दटावलं. हे मराठीत काहीतरी बोलायला गेले, तेही तसंच, अर्थ नसलेलं. मला वाटलं, चिडलेत. डोक्याला हात लावला, तर मला वाटलं, कंटाळलेत. तरी आणखी नऊ कार्डं घेतली मी. अकरा शब्द झाले. मग ह्यांना पलंगावर निजवलं आणि टेबलाशी बसून त्या अकरा शब्दांची प्रत्ययांप्रमाणे वर्गवारी करत राहिले. जेवायलाही उठवलं नाही. दमलेत, झोपू दे म्हटलं.

दोन वाजता लेक आली. बाबांना हलवून उठवलं, त्यांचं बोलणं ऐकलं आणि किंचाळलीच, "आई, अगं बाबा काय बोलतायत हे? गाडी बोलाव आधी!" ती कापडाच्या दुकानात काम करते. तिला एका वाक्यात कळलं.

दवाखान्यातली डॉक्टर तिच्याच वयाची होती. ह्यांना आत नेता नेता तिने विचारलं, "बोलणं असं कधीपासून झालं? अंदाजे सांगितलंत तरी चालेल."

"सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी," मी म्हणाले.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीनला दहा कमी होते.

"नक्की?"

"नक्की."

"हा दुसरा झटका आहे. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आता देता येणार नाही. बोलणं परत येईल असं मी सांगू शकत नाही."

लेकीने मला घट्ट धरलं. "आई, तुला कसं कळणार होतं गं," ती रडत म्हणाली. डॉक्टर मात्र तिथेच उभी होती, तिला काहीतरी जुळत नव्हतं.

"इतकी मिनिटासकट वेळ लोकांना सांगता येत नाही," ती म्हणाली. "तुमच्या तेव्हाच लक्षात आलं होतं, तर आणलं का नाहीत?"

"लिहून घेत होते," मी म्हणाले.