डोळे खोल गेलेले एकोणीस

बायको पंचफुला गेल्याचं देवमनला कळलं ते एसटीच्या कंडक्टरकडून. तालुक्याच्या दवाखान्यात मेहुणीला तिच्याजवळ बसवून तो बैल सोडायला गावी आला होता आणि परत जायला फाट्यावर उभा होता. चौऱ्याहत्तरचा आषाढ, गावात हैजा, म्हणजे पटकी. गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरून सरळ त्याच्याकडेच चालत आला, तेव्हाच तो समजला.

पुण्यानुमोदनाला घर भरलं. शेजारची गोमतीबाई बोलायला कधी कचरत नसे.

"मी म्हणत होती तुले, नको नेऊ बाप्पा. दवाखान्यात चौदा गेले, सहा मेले. घरी एकोणीस पडले, पाचच मेले. त्या सलाईननंच घात केला."

आकडे खरे होते. गावाला पाठ होते. मग पंचफुलाला आपणच नेऊन मारलं का? हे त्याला कळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो रामधनकडे गेला. रामधन ओट्यावर कांदा-भाकर खात होता.

"तुले बी हैजा झाला होता ना रे?"

"झाला ना. तीनदा वावरात पळालो. चौथ्यांदा भाकर मागितली."

"मंग दवाखान्यात काहून नाही गेला?"

"पायानं पळणारा माणूस कायले जाईन? तू खानेसुमारीवाला झाला का, देवमन?"

देवमन तिथंच उभा राहिला. आठ हिवाळे त्यानं कारंज्याच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काढले होते. पहिल्या वेच्याचा लांब धाग्याचा कापूस वेगळा, शेवटची आखूड धाग्याची फरदड वेगळी. जिनात फरदड घालायची आणि रुई आखूड निघाली म्हणून यंत्राला शिव्या द्यायच्या, असं कोणी केलं तर तिथल्या बायाही हसायच्या. इथं तर गावानं रामधनला आणि पंचफुलाला एकाच ढिगात टाकलं होतं.

मग तो तेहेतीसांतल्या उरलेल्या सगळ्यांच्या घरी गेला. प्रश्न तेच, अंगातलं पाणी आटल्याच्या खुणांचे. "डोळे खोल गेले होते का? आवाज बसला होता का?" कोणी सांगितलं, कोणी रडलं, एकानं दारातूनच हाकललं; त्याच्या भावाला विहिरीवर गाठून विचारलं.

आठवड्यानं तो गोमतीबाईच्या दारात बसला.

"माय, घरच्या एकोणिसात डोळे खोल गेलेले सहाच होते. त्यातला एक वाचला."

"अन् दवाखान्यातले?"

"चौदातले तेरा. सात वाचले."

गोमतीबाईनं निवडायचं सूप खाली ठेवलं. बोटांवर एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"म्हंजे पुढच्या खेपी न्यायचं म्हन."

"न्यायचं."

"मंग पंचफुला काहून नाही वाचली?"

दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळीच पंचफुलाला जुलाब लागले होते. थांबतील, थांबतील म्हणत त्यानं गाडी जुंपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. डॉक्टरनं कधीपासून म्हणून विचारलं, तर त्यानं सकाळपासून असं सांगितलं होतं.

त्या वाचलेल्या सात जणांना किती वेळात नेलं आणि मेलेल्या सहा जणांना किती वेळात, हे विचारल्याशिवाय गोमतीबाईला उत्तर देता येणार नव्हतं. विचारायला गेलं की लोक आधी त्यालाच विचारतील, तू कधी नेलं?

ते विचारायचं अजून राहिलं आहे.