भरतीची शिकवणी

नवीद मूळचा अफगाणी, कराडात निवृत्त सुभेदार नाथाजींचा भाडेकरू. कॅनडात आश्रय मागायचा म्हणून सांगलीत डॉक्टर मयूरी त्याचं मन तपासत होत्या.

"झोप लागते?"

"लय झ्याक!"

"भीती वाटते?"

"अजिबात न्हाई!"

शेजारी बसलेले नाथाजी खुशीत मिशीवरून हात फिरवत होते. लष्करभरतीच्या पोरांसारखं त्यांनीच त्याला पढवलं होतं, की दुखणं म्हणून सांगायचं नाही.

डॉक्टरांना हसू फुटलं. "तात्या, ही भरती नव्हे. इथं दुखणंच सांगायचं असतं, आश्रयासाठी तोच पुरावा."

"आवं, मग आधी बोलायचं न्हाई व्हय! लिवा, रातीला वरडत उठतंय पोरगं."

"मग तुम्ही काय करता?"

"मी जागाच असतो. लढाईपासनं मला तरी कुठं झोप हाय? दोघं पत्ते कुटतो."

आता नवीदही खरं बोलला, "आन् तात्या रडीचा डाव खेळत्यात!"