मशेरीची डबी

मानसिंगने दाराला आतून कडी घातली, कोनाड्यात हात घातला आणि बायकोची मशेरीची डबी हळूच बाहेर काढली. चीनच्या लढाईत बर्फात पहारे दिलेला हवालदार, पण आज स्वतःच्याच घरात चोरी करत होता.

तंबाखूवाचून जीव अगदी मेटाकुटीला आला होता. पेन्शनीवर उंब्रजला परतल्यापासून हवालदारांचा हात भलताच सढळ झाला होता. हॉटेलात बसावं, येईल त्याला चहा-भजी खिलवावी, स्वतः सिगारेट शिलगावावी आणि उठताना ऐटीत "खात्यावर लिव्हा" म्हणावं. शर्ट परटाच्या कडक इस्त्रीचा, मनगटावर घड्याळ, खांद्याला ट्रान्झिस्टर, सगळंच उधारीवर. लिहून घ्या म्हणायला पैसे पडत नाहीत, हे त्याला फार आवडत असे. शेवटी किराणावाल्या तात्याबांनी माल बंद करायची भाषा काढली, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले.

मग त्याने भर हॉटेलात उभं राहून जाहीर केलं, "उधारी फिटंस्तवर सिगारेट बंद, भजी बंद. हवालदाराचा शब्द हाय!"

गावाने वाहवा केली. ज्याच्या पोटात यातली निम्मी भजी गेली होती तो कृष्णात रोज संध्याकाळी विचारायचा, "काय हवालदार, सुटली का धरली?" आणि मानसिंग छाती काढून सांगायचा, "सुटली म्हंजी सुटली!"

घरात मात्र या त्यागाची झळ सगळ्यांना बसत होती. भाकरी करपलेली लागे, बाज करकरे, कोंबड्याही मुद्दाम ओरडल्यासारख्या वाटत. बायको अंजना समोर आली की तो ऐकवायचा, "तुला न्हाई कळायचं. तुजी मशेरी सुटू दी की एक दिस. त्याला फौजी काळीज लागतं."

"व्हय," एवढंच म्हणून ती भाकरी थापत राहायची.

मध्यंतरी शेजारच्या शालूबाईने दारात येऊन गाऱ्हाणं केलं होतं. "भावजी, तुमची बायकू लय चिक्कू झालीया. चिमटीभर मशेरी मागितली तर संपली म्हनती. आन सकाळी बघावं तर हिचं बोट तोंडातच!"

आळीतल्या बायका एकमेकींना दागिना देणार नाहीत, पण मशेरीला नाही म्हणत नसत. मानसिंग मोठ्याने हसला होता. आपली काटकसर बायकोच्याही अंगी बाणली म्हणून तो मनातून खूशच झाला होता.

आज अंजना मळ्यात भांगलायला गेली होती आणि कृष्णात घरावरून धूर सोडत गेला. त्या वासाने मानसिंगचा तोल सुटला. सिगारेट ओढली तर गावासमोर शब्द मोडणार. पण मशेरी म्हणजे काही सिगारेट नव्हे! ही पळवाट सापडल्यावरच त्याने दाराला कडी घातली होती.

त्याने चिमूट घेतली, हिरड्यांवर चोळली आणि डोळे मिटून झिणझिण्यांची वाट पाहिली. काहीच झालं नाही. त्याने मोठी चिमूट घेतली. तरी जीभ थंडच. तोंडात जळक्या शेणीची चव तेवढी पसरली. तो डबी घेऊन खिडकीपाशी गेला, वास घेतला, बोटावर चोळून पाहिलं. डबीत राखुंडी होती. कोळसा आणि शेणीची राख, मशेरीसारखी दिसावी म्हणून बारीक कुटून चाळलेली.

मानसिंग डबीकडे बघत तिथंच बसला. मशेरी भाजली की घरभर ठसका उठायचा आणि तो शिव्या देत अंगणात पळायचा. तो ठसका शेवटचा कधी उठला होता? त्याला आठवेना. रोज सकाळी अंजना त्याच दगडावर, तेवढाच वेळ दात घासत बसत होती. मध्ये बरेच दिवस ती ठणकत्या डोक्याला फडकं बांधून वावरत होती, तेव्हा त्याने साधं विचारलंही नव्हतं. हिच्यासोबत आपण एका छपराखाली राहतो आणि आपल्याला पत्ता नाही!

दार वाजलं. त्याने तसंच उघडलं. खुरपं विसरलं म्हणून अंजना परतली होती. तिने नवऱ्याचे काळे ओठ पाहिले, उघडी डबी पाहिली आणि तांब्या भरून पुढे केला.

"चूळ भरा."

"कवाधरनं?"

"तात्याबांनी दुकानात बायकांम्होरं उधारी काढली व्हती, तवाधरनं."

म्हणजे गेल्या दिवाळीच्याही आधी. तेव्हा तो हॉटेलात भजी खिलवत होता.

"मग ही राखुंडी कशापायी?"

"डबी रिकामी दिसली की बायका इचारत्यात. हवालदाराच्या घरात मशेरीलाबी पैसा न्हाई म्हनल्या असत्या."

"मला तरी सांगायचंस."

"सोडायची मला व्हती. त्यात तुमाला काय सांगायचं?"

बोलण्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. तिने डबीचं झाकण लावलं, ती कोनाड्यात ठेवली आणि खुरपं घेऊन ती गेली. ती बांधाआड होईपर्यंत मानसिंग दारात उभा राहिला. पलटणीत साहेब समोरून गेला की उभा राहायचा, तसा.

संध्याकाळी हॉटेलातून कृष्णातने हाक दिली, "काय हवालदार, सुटली का धरली?"

मानसिंग थांबला. सगळे त्याच्या छातीकडे पाहत होते.

"न्हाई गड्या," तो म्हणाला. "मला न्हाई जमलं."

हॉटेलात हशा पिकला. कोणी टाळी दिली, कोणी "ह्यो फौजी!" म्हणून ओरडलं. कृष्णातने हसत हसत सिगारेट पुढे केली. मानसिंगने त्याला हात जोडले आणि तो घराकडे चालू लागला.