पुतळ्याच्या नाकातले किडे

धुरीबाबाच्या दारात सकाळपासून रीघ लागलेली असायची. एकेक जण डोक्यावरून चादर घेऊन निखाऱ्यांच्या धुरात तोंड घालायचा. बाबा निखाऱ्यांवर चिमूटभर बी टाकायचा. चादर काढली की खालच्या परातीतल्या पाण्यात पांढरे, वाकडे किडे तरंगताना दिसायचे.

"सायनस म्हणजे कपाळातलं वारूळ," बाबा सांगायचा. "डॉक्टर एकेक मुंगी मारत बसतो. आम्ही वारूळच उपसतो, तेही रोग्याला बोट न लावता."

अर्ध्याअधिक लोकांना साधी सर्दी असायची. ती आपोआप बरी व्हायची आणि नाव बाबाचं व्हायचं.

कपडे शिवणाऱ्या एका बाईने धाकट्या भावाला तिथे नेलं. त्याची सर्दी उतरत आली होती, पण ताप उलटला आणि गाल ठणकू लागला. बाबाने किडे काढले. मग डोळा सुजला, तेव्हा बाबा म्हणाला की किड्यांची राणी बाहेर पडतेय, दवाखान्यात नेलंत तर मेंदूत शिरेल. घरच्यांनी वाट पाहिली. शेवटी शस्त्रक्रियेने भाऊ वाचला, पण उजवा डोळा गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बहिणीला सगळं समजावलं. सर्दीमागून येणारा सायनसचा त्रास बहुधा विषाणूंचा असतो. तो आठवड्या-दहा दिवसांत ओसरतो, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की आराम पडतो. उतरलेलं दुखणं उलटलं तर जिवाणूंची शंका घ्यायची, तिथे अँटिबायोटिक लागू शकतं. तीन महिने रेंगाळलं तर ॲलर्जी किंवा नाकातली वाढ शोधायची; त्यावर नाकात मारायचा फवारा असतो, कधी शस्त्रक्रिया. आणि डोळा सुजला तर क्षणभरही थांबायचं नाही.

बाईने परातीतला एक किडा जपून आणला होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला ना तोंड दिसलं, ना आतडं. तो बीच्या पोटातला कोंब होता. तापून टरफल फुटलं की तो उडून पाण्यात पडायचा.

"पोलिसांत जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"जाणारच आहे. पण आधी त्याच्या भक्तांसमोर त्याला उघडा पाडते."

पोलिसांना वर्दी देऊन ती चाकाच्या खुर्चीतून मावशीला घेऊन आली. भाऊ आधीच रांगेत मागे उभा होता. मावशी शालीत गुंडाळलेली. अर्धांगवायू आहे, वाकता-बोलता येत नाही, असं तिने सांगितलं. बाबाने शेगडी स्टुलावर आणि परात तिच्याखाली मांडली, वर चादर टाकली, बी फेकलं आणि परात ओढून सर्वांना दाखवली.

"फार जुनं दुखणं. बाईंना झोप लागत नसणार."

"नाहीच लागत," म्हणत तिने चादर आणि शाल ओढली. खुर्चीत दुकानाच्या काचेत उभा करतात तो पुतळा होता. त्याच्या नाकाला भोकंसुद्धा नव्हती.

तिने परात पुन्हा शेगडीखाली सरकवली आणि बाबाच्या पिशवीतलं बी निखाऱ्यांवर टाकलं. समोर माणूस नव्हता, तरी किडे पडले.

बाबा हळूच म्हणाला, "ताई, पोटासाठी करतो. माफ करा."

"माफी माझ्या भावाकडे माग. त्याच्या डाव्या बाजूला उभा राहा, उजवीकडून तू त्याला दिसायचा नाहीस."

बाबा तिकडे गेला. भावाने तोंड फिरवलं. रांगेतल्या माणसांनी दार अडवलं होतं. मग तिने बाबाला रांगेकडे तोंड करायला लावलं आणि एकेकाला सांगायला लावलं: नाकात किडे नसतात, बी फुटतं, दुखणं उलटलं तर डॉक्टर गाठा, डोळा सुजला तर तडक दवाखाना.

पोलीस येईपर्यंत तो तेच सांगत होता. आवाज खाली गेला की ती एवढंच म्हणायची, "मोठ्याने."