ट्रंकेतली पलटण

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी ट्रंक आहे. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत तरी होते. आता नक्की काय आहे हे सांगायला जरा वेळ लागेल, तेव्हा मांडी घालून बसा.

माझा जन्म छावणीबाहेरच्या बाजारात झाला. जाड पत्रा, काळा रंग, दोन्ही बाजूंना कड्या, आणि चार कोपरे असे, की गुण्या लावून बघावेत. नुकत्याच भरती झालेल्या भगवान नावाच्या एका बारीक मुलानं मला विकत घेतलं. बावीस वर्षं मी त्याच्या गणवेशाच्या घड्या सांभाळल्या. बर्फात गारठले, वाळवंटात तापले. रेल्वेत तर माझ्यावर बसून जवान रात्रभर पत्ते खेळायचे, पण मी कधी हूं की चूं केलं नाही. तपासणीला आलेले साहेब माझं झाकण उघडून म्हणायचे, "शाब्बास, ट्रंक असावी तर अशी." हे स्वतःच्या तोंडानं सांगणं बरं दिसत नाही, पण माझ्याबद्दल दुसरं कोण सांगणार?

पुढे भगवानराव हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही दोघं घरी आलो, जिंतूर तालुक्यातल्या बोरीला. त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, त्यांना चहा दिला आणि मला मागच्या खोलीत ढकलून वर सोयाबीनचं पोतं टाकलं. पुढे कित्येक महिने कुणी माझी कडीसुद्धा वाजवली नाही. एकदा एका उंदरानं विचारपूस केली, पण त्याचा डोळा सोयाबीनवर होता.

तिकडे भगवानरावांना घर अंगाला बसेना. त्यांनी शेळ्या उंचीप्रमाणे बांधल्या. पाहुण्यांच्या चपला रांगेत लावल्या. शेजारच्या म्हातारीला "ओळखपत्र दाखवा" म्हटलं. शेवटी पुण्याहून त्यांच्या एका जुन्या जोडीदाराचा फोन आला. "इकडं ये. सोसायटीत वॉचमनची जागा हाय. वर्दी हाय, शिट्टी हाय, मोठं गेट हाय."

भगवानरावांचा चेहरा उजळला. पंचफुलाबाईंचा उतरला.

"बावीस वर्सं तुमी सुट्टीवर आले अन् गेले," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा दुसऱ्याच्या गेटावर उभं ऱ्हायचं? आपल्या घराला गेट न्हाई म्हणून व्हय?"

त्याच सुमारास परभणीत माजी सैनिकांसाठी कोंबडीपालनाचं शिबिर निघालं. पंचफुलाबाईंनी नवऱ्याला जवळजवळ हाताला धरून तिथं पाठवलं. घरात ठराव झाला, की पिल्लं आणायची. ती मोठी होऊन परसातल्या शेडमध्ये गेली तर भगवानराव बोरीतच राहणार. नाही जमलं तर ट्रंक भरायची आणि पुणं गाठायचं.

ट्रंक भरायची! मित्रांनो, पोत्याखाली मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मला पुणं चाललं असतं.

पन्नास पिल्लं आली. एका दिवसाची, कापसाच्या गोळ्यांसारखी. शिबिर घेणाऱ्या डॉक्टर रोहिणी मॅडमनी सांगितलं होतं, की पहिले काही दिवस पिल्लांना गोल कुंपणात, बल्बच्या उबेत ठेवा. पण भगवानरावांच्या डोक्यात गोल बसत नाही. फौजेत पोळी सोडली तर गोल काहीच नसतं. त्यांनी घरात नजर फिरवली, आणि ती माझ्यावर थांबली.

माझ्यात भुसा पसरला. झाकणाला बल्ब टांगला. जिथं इस्त्रीचे कपडे असायचे तिथं त्या पन्नास जणांनी पहिल्याच तासात काय केलं, ते मी तुम्हां मुलांसमोर सांगणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून कवायत सुरू झाली. भगवानराव माझ्यासमोर ताठ उभे राहून ओरडले, "सावधान!"

एक पिल्लू जागच्या जागी थांबलं.

"बघ पंचफुला, एकाला तरी कळलं!"

"त्ये झोपायलंय," पंचफुलाबाई म्हणाल्या.

शिट्टी वाजली की दाणा मिळायचा. दुसरी शिट्टी वाजली की दाणा-पाणी उचललं जायचं, कारण मेसची वेळ संपली. एक पिल्लू शिंकलं, तर त्याला आजारी रजा देऊन उलट्या टोपीत झोपवलं. ते ठणठणीत होतं. त्याला नुसती टोपी आवडली होती. आणि नवाच्या ठोक्याला 'लाईट आऊट'. बल्ब बंद, झाकण अर्धं खाली. मी मनात म्हणत होते, अहो, ही कोंबडीची लेकरं आहेत, रंगरूट नव्हेत. पण ट्रंकेचं कोण ऐकतं?

तिसऱ्या सकाळी झाकण उघडलं तर सगळी पिल्लं माझ्या एका कोपऱ्यात ढीग करून बसली होती. ढिगाखालची चार उठली नाहीत.

भगवानरावांनी ती चार कुंपणापाशी पुरली. त्या दिवशी शिट्टी वाजली नाही. दुपारी त्यांनी कपाटातून कपडे काढले आणि कॉटवर घड्या घालत बसले. पंचफुलाबाईंनी फोन उचलला आणि रोहिणी मॅडमना लावला.

मॅडम जिंतूरला आल्या होत्या, तशाच स्कूटीवरून बोरीला आल्या. आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हवालदारसाहेब, ही भरती झालेली नाहीत, नुसती जन्मलेली आहेत. बल्ब रात्रभर चालू ठेवा. दाणा-पाणी कायम समोर असू द्या. आणि हा कोपरा घालवा आधी."

"कोपरा?"

"गार वाटलं की पिल्लं कोपऱ्यात पळतात. एकावर एक चढतात अन् खालची गुदमरतात. गोल जागेत ढीग होत नाही, पिल्लू फिरत राहतं."

"पण मॅडम, ट्रंकेला कोपरे असतेतच की."

"म्हणून तर ट्रंक सांगितली नव्हती."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तपासणीत मी पहिल्यांदाच नापास झाले होते, तेही सरळ असल्याबद्दल!

मॅडमच्या सांगण्यावरून तात्पुरते पुठ्ठे लावून कोपरे बुजवले. पिल्लांनी त्यावर पाणी सांडलं, पुठ्ठे लोळागोळा झाले, आणि पहाटे वीज गेली तशी सगळी पुन्हा कोपऱ्यात. आणखी एक गेलं. भगवानराव उरलेल्यांना ओंजळीनं उचलून मधे ठेवत होते. ती परत कोपऱ्यात. हे परत मधे. उजाडेपर्यंत हेच चाललं होतं.

सकाळी त्यांनी पत्र्याचं काम करणाऱ्या बन्सीधरला बोलावलं. पिल्लं पाटीत घालून चुलीपाशी ठेवली आणि मला उचलून अंगणात आणलं.

"हिला काप," ते म्हणाले. "बाजू उघडून गोल कर."

बन्सीधरचा हातोडा हातातच राहिला. "अहो, येवढी झकास ट्रंक! मी नवा पत्रा देतो की."

"नवा नको. हीच काप."

"पर का?"

भगवानरावांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ही घरात हाय तोवर मी रोज मनात हिला भरायलोय."

पंचफुलाबाई दारात उभ्या होत्या. त्या झटकन आत गेल्या आणि बन्सीधरसाठी चहा टाकला. साखर जास्त पडली असावी, कारण कप खाली ठेवून बन्सीधरनं सरळ कातर उचलली.

मग कातर चालली. मित्रांनो, त्याचं वर्णन मी करणार नाही. माझ्या चारही बाजूंचं एक गोल कडं झालं. झाकण वाकवून बल्बवरची छत्री झाली. बूड झाकण म्हणून खाद्याच्या पिंपावर गेलं. एका ट्रंकेच्या तीन नेमणुका झाल्या, बढती मात्र एकीलाही नाही.

पण ढीग व्हायचा थांबला. पिल्लं कड्याला लागून गोल गोल पळत सुटली, दमली की छत्रीखाली पसरून झोपली. भगवानराव शेजारी स्टूल टाकून बसायचे. हळूहळू त्यांचा आवाज उतरत गेला. आठवडाभरानं ते पिल्लांना "ए बाळा, सरक" म्हणायला लागले. पिल्लं सरकत नव्हतीच, पण ऐकायला बरं वाटायचं.

महिन्याच्या शेवटी पिल्लं शेडमध्ये गेली. नेमका तेव्हाच पुण्याचा फोन आला.

"यायला जमंना," भगवानराव म्हणाले. "ट्रंक न्हाई."

"आरं, मग बॅग घे की!"

"बॅगेची सवय न्हाई." आणि फोन ठेवून दिला.

काल रोहिणी मॅडम झरी गावच्या, फौजेतून निवृत्त झालेल्या एका नायकाला आमची शेड दाखवायला घेऊन आल्या. त्यानं विचारलं, "सुरुवात कुठून करू?" भगवानरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या घरी ट्रंक आसंल न?" झरीतल्या त्या माझ्या बहिणीच्या काळजीनं मला अजून चैन नाही.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. तुमच्या घरी कुणी पुष्कळ वर्षांनी कायमचं परत आलं असेल, तर त्याच्या शिट्टीला हसू नका. ऊब चालू ठेवा. ताट समोर असू द्या. तो कोपऱ्यात जाऊन बसला, तर उचलून मधे आणा. परत गेला, तर परत आणा. वैताग येईल. येऊ द्या. मलाही येतो.

आणि हे सगळं करून वेळ उरला, तर मला एकदा आतल्या बाजूनं पुसा. पन्नास पिल्लं होती हो!