ताईचे चालते गणित

सूचना सकाळीच आली आणि तिच्या अर्थाविषयी वादाला जागा नव्हती. विद्यापीठाच्या सामाईक सर्व्हरच्या प्रणालीत, अगदी गाभ्यात, असा दोष सापडला होता की ज्याचे साधे खाते असेल त्याने एक छोटा प्रोग्रॅम चालवावा आणि साऱ्या यंत्राचा मालक व्हावे. कोणाच्याही फायली वाचाव्यात, बदलाव्यात, पुसाव्यात. बाहेरच्याला यातून आत शिरता येत नव्हते, हे मान्य. पण आत असलेले काही शे होते आणि तो प्रोग्रॅम तोवर सर्वांच्या हाती पोहोचला होता. दुरुस्तीही आली होती. मात्र सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावाचून ती लागू होत नसे.

आणि त्या सर्व्हरवर ताईचे गणित चालू होते.

ताई म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याची थोरली बहीण, वरच्या मजल्यावरची संशोधक. भूकंपात पुलाचे खांब कसे वागतात याचे तिचे गणित दीड महिना अखंड चालले होते आणि आठवड्याभरात संपणार होते. तिची नेमणूक महिनाअखेरपर्यंतची. मुदतवाढ या निकालावर लटकलेली.

"एक आठवडा थांब, बारक्या," ती त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाली. टक्कल पडलेल्या माणसाला चारचौघांत बारक्या म्हणताना तिला कधीच संकोच वाटला नव्हता. "मग काय ते तुझं बंद-चालू कर."

"मधले टप्पे साठवलेस ना? तिथून पुढे चालवता येईल."

"कुठे साठवू? तुझ्या टकलावर? जास्तीची जागा मागितली तेव्हा काय म्हणालास, आठवतंय?"

आठवत होते. बहिणीला झुकते माप दिले असे कोणी म्हणायला नको, असे तो म्हणाला होता. दुसऱ्या कोणाची तीच मागणी त्याने निमूटपणे मंजूर केली असती. जागा पुरेना, तेव्हा ताईने टप्पे साठवणे बंद केले होते.

प्रणालीच्या ज्या वाटेत दोष होता ती वाट तेवढी तात्पुरती अडवता येते का, हे त्याने पाहिले. येत होती, पण ताईचा प्रोग्रॅम नेमका त्याच वाटेने चालत होता.

"ताईंचं गणित म्हणजे गॅसवरचं दूध," शेजारचा नेटवर्कवाला म्हणाला. "उतरवताही येईना, सोडून जाताही येईना."

अखेर त्याने ठरवले, थांबायचे. आठवडाभर पडद्यावरून नजर हलवायची नाही.

जेवणाच्या सुट्टीपूर्वीच पडद्यावर एक साधे खाते मालकाच्या अधिकाराने वावरताना दिसले. त्याने ते तोडले आणि खातेदाराला फोन लावला. खातेदार होते पदार्थविज्ञानाचे सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक.

"अहो, बातमी वाचली," ते उत्साहाने हसत म्हणाले, "म्हटलं, आपल्याकडे चालतं का बघावं. चाललं की हो! घाबरू नका, कशाला हात लावला नाही."

त्याचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला आणि त्या विश्वासाचा काहीएक उपयोग नव्हता. पुढचा माणूस फोनवर असा हसेलच, हे कोणी सांगावे?

तो वर गेला. "ताई," एवढेच म्हणाला.

"कोणी केलं?"

"एका म्हाताऱ्याने. गंमत म्हणून."

"मग त्याच्यावर ओरड ना. माझ्यावर का?"

"ओरडलो. दार तसंच उघडं आहे गं."

ती त्याच्यामागून खाली आली. वाद घालण्यासाठी आली असावी. पण पडद्यापाशी पोहोचल्यावर तिने घातला नाही. त्याने आज्ञा टंकली. तिच्या नावाची ओळ नाहीशी झाली. यंत्राचे पंखे थांबले आणि काही क्षणांनी पुन्हा घोंगावू लागले.

"झालं?"

"झालं. आता कोणी घुसणार नाही."

"छान."

त्याला उठवून ती त्याच्या खुर्चीत बसली, आपल्या खात्यात शिरली आणि गणित पहिल्यापासून सुरू केले. महिनाअखेर किती जवळ आहे हे दोघांनाही ठाऊक होते.

"जागा वाढवून देतो," तो म्हणाला. "आत्ता लगेच."

"दे," ती म्हणाली.

त्याने दिली; मागितली होती त्याच्या दुप्पट. नेमणूक संपलेल्यांची खाती महिन्याच्या शेवटच्या दिवशी बंद करण्याचे कामही त्याच्याकडेच होते.