आतला जोडीदार

आमच्या ह्यांना बोलायचं वावडं कधीच नव्हतं. लग्नानंतर पहिली काही वर्षं तर मीच म्हणायचे, अहो, जरा श्वास घ्या. आता घरात माणूस आहे की खुंटीवरचा कोट, कळायला मार्ग नाही.

हे कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. गोठवलेल्या मालाची खोकी मांडायची आणि गाडी आली की काढून द्यायची. आत थंडी अशी की माणसाला गोड झोप येते. तो जरा टेकतो आणि मग उठत नाही. म्हणून आत कायम दोघं. ह्यांचा जोडीदार लंब्या. दोन टोकांना दोघं काम करायचे आणि थोड्या थोड्या वेळाने एकाने ओरडायचं, "आहेस का?" दुसऱ्याने म्हणायचं, "आहे." उत्तर नाही आलं तर हातातलं खोकं टाकून धावायचं. सवय अशी अंगात मुरली होती की हे घरी आंघोळ करतानाही तीच हाक मारायचे आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आहे हो, जाते कुठे."

मग मालकांनी मनगटाला बांधायचं यंत्र आणलं. माणूस हलेनासा झाला की बाहेर घंटा वाजते. म्हणजे एका माणसात भागतं. लंब्याभावजींना नारळ दिला.

तेव्हापासून ह्यांचं तोंड मिटलं ते मिटलंच. घरातली हाकही बंद. भाजी कशी झालीय विचारलं तर नुसती मान हलवायची. मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी अबोला धरला. तो तर त्यांच्या लक्षातसुद्धा आला नाही. सांगते, त्यापेक्षा भिंतीशी संसार परवडला असता.

पुढे हे सुट्टीच्या दिवशीही कामावर जायला लागले. माझं डोकंच फिरलं. तडक मुकादमाकडे गेले. म्हटलं, माणसाला सुट्टी देता की नाही?

मुकादम खाली बघत म्हणाला, "वहिनी, आम्ही नकोच म्हणतो. तोच येतो. आत त्याच्या गप्पा चालतात."

"कोणाशी?"

"लंब्याशी."

माझ्या अंगावर काटा आला. लंब्याभावजी तर चांगले ठणठणीत, कापडाच्या दुकानात गठ्ठे बांधतात. मग मीच मला दटावलं. यात घाबरायचं काय? खऱ्या माणसाला नेऊन दारात उभं करते, बघू आतला किती टिकतो. नवरा माझा आहे, असा थोडाच सोडणार होते मी.

भावजी हातातलं काम टाकून आले. वाटेत म्हणाले, "बरं झालं आलात, वहिनी. दुकानात मला कोणी हाक मारत नाही. बोटाने गठ्ठा दाखवतात."

दुपारची वेळ होती. मुकादमाने जाड दार उघडून दिलं. पुढे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा आणि त्यामागे पांढरं धुकं. लांबून ह्यांचा आवाज आला. मोकळा, चढा, अगदी पूर्वीचा.

"आहेस का?"

मी भावजींना कोपराने ढोसलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत ओ दिली, "आहे." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

आतला खोकी सरकवायचा आवाज थांबला. मला वाटलं, ओळखलं. आता खोकं टाकून धावत येतील. मी पडद्याकडे सरकलेसुद्धा.

मग हे बोलले, पण आमच्याशी नाही.

"ऐकलंस का लंब्या? दारात कोणीतरी तुझी नक्कल करतंय."

आणि आतून हसण्याचा आवाज आला. दोघांचा. एक हसू ह्यांचं, पोट धरून हसतात ते. ते ऐकायला माझा जीव आसुसला होता. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. दुसरं हसू कोणाचं, ते मी भावजींना विचारलं नाही. ते दोन्ही कान घट्ट दाबून दारातच खाली बसले होते.